बूट आतून कसा असतो, कसा बनतो आणि घेताना कुठे बघायचं: जुना जोड कापल्यावर कळलेलं सगळं

गेल्या श्रावणात आमच्या नाशिकजवळच्या अंजनेरी गडावरून उतरताना माझ्या उजव्या बुटाचा सोल गळून पडला. गळून म्हंजे अक्षरशः, चहात जास्त वेळ राहिलेलं बिस्किट कसं गळतं तसा. बूट सात वर्षांपूर्वी घेतलेला पण मोजून दहा-बारा वेळा घातलेला, बाकी सगळा काळ खोक्यात, कपाटावर. वरचं लेदर नवंकोरं, एक टाका सुटलेला नाही, आणि खाली भुगा. लेस काढून त्यानेच सोल बांधला आणि फेंगडत खाली आलो, मित्रांनी तेवढ्यात फोटो काढून घेतलेच.

घरी आल्यावर तो बूट आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बूट दुरुस्तीला बसतात त्या काकांकडे नेला. त्यांनी रापीने जरासं टोकरलं आणि म्हणाले, "भाऊ, याला काय चिटकवू, पीठ झालंय याचं." मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये कामाला आहे, मोल्ड म्हंजे साचे बनवणं हा रोजचा धंदा, त्यामुळे सोल कसा ओततात हे थोडंफार माहीत होतं, पण न वापरता सोलचं पीठ कसं होतं हे काही डोक्यात बसेना. म्हणून तो बूट आणि घरातले अजून दोन जुने जोड उभे कापले. नंतर सोलच्या मोल्डच्या कामाने आग्र्याला बुटाच्या एका युनिटमध्ये दोन दिवस होतो तिथे अख्खी लाइन बघितली. ते सगळं इथे एकत्र लिहितोय, लांब झालंय, पण पुढचा जोड घ्यायच्या आधी वाचा. कारण दुकानात आपण रंग बघतो, लोगो बघतो, आणि बूट मरतो तो जिथे आपण बघतच नाही तिथे, म्हंजे वरचा भाग आणि सोल जिथे एकमेकांना भेटतात त्या जोडावर नाहीतर त्याच्या जरा खाली.

आधी एक जुना बूट कापा

टाकायला काढलेला स्पोर्ट शूज प्रत्येक घरात असतो. लेस काढा, आतला मऊ सॉक (जो आपण धुवायला बाहेर काढतो तो) उचकटून बाजूला ठेवा. आता लगेच कापू नका, बॅटरी मारून आत तळाकडे बघा. कडेकडेने गोल फिरलेली जाड शिलाई दिसली तर तळाला कापड शिवून वरच्या भागाची पिशवी बनवलेली आहे, याला स्ट्रोबेल म्हणतात, बहुतेक रनिंग शूज असेच असतात, हलके आणि वाकायला सोपे. शिलाई न दिसता पुठ्ठ्यासारखा कडक तळ दिसला तर तो इनसोल बोर्ड, फॉर्मल शूज, सेफ्टी शूज आणि बऱ्याच ट्रेकिंग बुटात हा असतो, पायाला खालून आधार जास्त पण बूट वाकायला जड. नुसता सॉक काढून एवढं कळतं, कापायची सुद्धा गरज नाही, हे दुकानात पण करता येतं.

मग व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा, हातात ग्लोव्हज घाला, फोम धारदार कटरने आणि खालचं रबर हॅकसॉने, टोकापासून टाचेपर्यंत मधोमध कापा. एकाच ब्लेडने सगळं कापायला गेलात तर फोम ब्लेडला चिकटतो आणि चिडचिड होते. सेफ्टी शू कापायच्या फंदात पडू नका, पुढे स्टीलची टोपी असते. फॉर्मल बुटात मधे ब्लेड अडलं तर घाबरू नका, तो शँक आहे, आधाराची पट्टी, पुढे सांगतो.

कापल्यावर काय दिसतं

खालून वर जाऊ. सगळ्यात खाली आउटसोल, जमिनीला लागणारं रबर. टणक रबर जास्त टिकतं पण ओल्या दगडावर घसरतं, मऊ रबर धरतं पण झिजतं, दोन्ही एकाच बुटात पूर्ण मिळत नाही. आपल्याकडचा काळा बेसाल्ट पावसाळ्यात शेवाळलेला असतो, हरिहर गडाच्या कोरलेल्या पायऱ्या ज्यांनी पावसात चढल्यात त्यांना कळेल मी काय म्हणतोय, तिथे 'पाच वर्षं टिकणारा' कडक सोल तुमच्या कामाचा नाही. खालच्या खाचा चिखल धरण्यासाठी असतात आणि तितक्याच चिखल सोडण्यासाठी, खाचा एकमेकांना चिकटून असतील तर पन्नास पावलांत चिखल भरतो आणि सोल सपाट होतो.

त्याच्या वर मिडसोल, तो फोम. टाच आपटल्यावरचा दणका हा खातो. साधारण दोन जातीचे असतात, ईव्हीए आणि पीयू (पॉलियुरेथेन). ईव्हीए हलका, लाखो बारीक हवेचे बुडबुडे बंद करून ठेवलेला फोम, रोज वापरून वापरून हे बुडबुडे दबतात आणि बूट 'बसतो'. कापलेल्या बुटात टाचेखालचा फोम आणि मधल्या कमानीखालचा फोम शेजारी शेजारी दाबून बघा, टाचेखालचा मेलेला कळतो. पीयू जरा जड, लवकर बसत नाही, पण त्याचा शत्रू वेगळा आहे, त्याच्यावर पुढे येतो कारण माझी सगळी गोष्ट तिथलीच आहे.

शँक म्हंजे टाच आणि चवड्याच्या मधे, कमानीखाली बसवलेली पट्टी, स्टीलची किंवा प्लास्टिकची. बूट मधेच दुमडू नये म्हणून. टाच उंच असेल तर शँकशिवाय बूट मधे खचतो. बऱ्याच स्पोर्ट शूजमध्ये तो नसतोच, तिथे जाड फोमच काम करतो.

आता वरचा भाग, म्हंजे अपर. बोटांवरचा तुकडा व्हॅम्प, दोन बाजूचे मागे जाणारे तुकडे क्वार्टर. टाचेभोवती, अस्तर आणि बाहेरच्या कापडाच्या मधे लपवलेला कडक तुकडा असतो तो काउंटर. मला विचाराल तर अख्ख्या बुटातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा तुकडा हाच. टाच जागेवर धरून ठेवणं त्याचं काम, तो मऊ असेल तर टाच आत डुलते, मग फोड येतात, घोटा मुरगळतो, आणि आपण म्हणतो नंबर चुकला. स्वस्तातल्या बुटात इथे पातळ पुठ्ठा निघतो, भिजला की संपला. लेस न सोडता पाय कोंबायची सवय असेल तर चांगला काउंटर सुद्धा महिन्या-दोन महिन्यांत मोडतो, आमच्या घरी हे रोज होतं आणि रोज भांडण होतं.

पुढे बोटांपाशी असाच एक तुकडा असतो, टो पफ, बुटाचं नाक चपटं होऊ नये म्हणून. सेफ्टी शूमध्ये त्याच जागी स्टीलची किंवा कंपोझिटची टोपी. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्यांनो, बुटावर आयएस १५२९८ आणि आयएसआय मार्क आहे का बघा, त्यातली सेफ्टी टोपी २०० जूलचा दणका सोसायला हवी, म्हंजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तरी बोटांना जागा उरली पाहिजे. नुसतं 'स्टील टो' लिहिलेलं स्टिकर म्हंजे काही नाही.

जीभ फक्त लेसचा दाब पसरवायला नसते. ट्रेकिंग बुटात ती दोन्ही बाजूंनी अपरला शिवलेली असावी, नाहीतर ओढा ओलांडताना पाणी आणि खडे सरळ आत. आणि लेसची भोकं, त्यात रनिंग शूजला सगळ्यात वर, जरा मागे सरकलेलं एक जास्तीचं भोक असतं जे कोणीच वापरत नाही. दोन्ही बाजूंना त्यातून लेसचा छोटा फास तयार करा, उलट बाजूची लेस त्यातून ओवा आणि खेचा. टाच जागेवर लॉक होते, उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. उतरल्यावर अंगठ्याचं नख काळंनिळं पडणाऱ्यांनी हे करून बघाच.

बनतो कसा: सुरुवात पायापासून नाही, फर्म्यापासून

बूट पायावर बनत नाही, फर्म्यावर बनतो. जुनी माणसं कलबूत म्हणायची, लाकडाचा असायचा, आता कारखान्यात प्लास्टिकचा, मधे बिजागरी असलेला, म्हंजे बूट तयार झाल्यावर दुमडून बाहेर काढता येतो. प्रत्येक नंबरला, डाव्या-उजव्याला वेगळा. टाच किती उंच, बोटं जमिनीपासून किती उचललेली, चवड्याचा घेर किती, हे सगळं फर्म्यात ठरतं. म्हणून एका कंपनीचा आठ नंबर ढगळ आणि दुसऱ्याचा आठ घट्ट, लांबी तीच पण फर्मा वेगळा.

नंबराचं पण सांगून टाकतो. आपल्याकडे चालतो तो यूकेचा नंबर, त्यात एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हंजे ८.४७ मिमी, हे माप जुन्या काळी जवाच्या दाण्यावरून आलं. युरोपच्या ४१, ४२ वाल्या नंबरात फरक ६.६७ मिमी. दोन्हीच्या पायऱ्या वेगळ्या असल्यामुळे एकाचा दुसऱ्यात नेमका बदल होत नाही, ऑनलाइन चार्टमध्ये जे गोलमाल दिसतं ते म्हणूनच. बॉक्सवर सेंटीमीटर दिलेले असतील तर ते बघा.

फर्म्यावरून कागदी पॅटर्न, मग कटिंग. लेदर असेल तर एकावेळी एकच थर, आणि कटिंगवाला कातडं हाताने ओढून बघत बसतो कारण कातडं सगळीकडे सारखं नसतं, पाठीकडचं घट्ट, पोटाकडचं सैल आणि ताणणारं. व्हॅम्प पाठीकडच्या चांगल्या भागातून काढायचा, पोटाकडचं जीभेला किंवा आतल्या तुकड्यांना. तुकडा उलट दिशेने कापला तर बूट घालून घालून लांब होत जातो. मेश किंवा रेग्झिन असेल तर आठ-दहा थर एकावर एक ठेवून स्टीलच्या डायने प्रेसखाली एका दणक्यात. आता विणून थेट अख्खा अपर काढणारी मशीनं पण आहेत, नायकीने २०१२ साली ते मोठ्या प्रमाणावर आणलं, त्यात कटिंगचा कचरा जवळपास नाहीच.

कापलेल्या कडा पातळ करतात, नाहीतर जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे आत जाड उंचवटा होतो आणि तो नेमका करंगळीला चावतो. मग शिलाई. यात फार काही लिहीत नाही, एकच, लेदरला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, त्यामुळे चुकलेली शिलाई उसवून परत मारली की ती ओळ कमजोरच राहते.

खरा बूट होतो तो ओढकामात

शिवून झालेला अपर हातात घेतला तर लुळा असतो, टोपीसारखा. त्याला वाफेने किंवा गरम हवेने मऊ करतात, फर्म्यावर चढवतात आणि मशीनचे चिमटे सगळ्या बाजूंनी कडा खाली ओढून तळाच्या बोर्डावर गरम गोंदाने चिकटवतात, आधी पुढचा भाग, मग टाच. याला लास्टिंग म्हणतात. पुढच्या टोकाला जी चुणी पडते ती न दिसता खाली दाबणं हे अवघड. हे काम माणसं हाताने करायची तेव्हा सगळा कारखाना त्यांच्यावर अडून असायचा. एका माणसाचे दिवसाला पन्नासेक जोड, त्यापेक्षा जास्त नाही. सुरिनाममध्ये जन्मलेला यान मॅट्झेलिगर नावाचा माणूस अमेरिकेतल्या लिन गावात बुटाच्या कारखान्यात काम करता करता या चिमट्यांचं यंत्र बनवून बसला, १८८३ मध्ये पेटंट मिळालं, आणि उत्पादन दिवसाला १५० पासून ७०० जोडांपर्यंत गेलं. बूट स्वस्त झाला तो तेव्हापासून. तो बिचारा १८८९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी क्षयाने गेला.

स्ट्रोबेल असेल तर एवढी ओढाताण नसते, पिशवी आधीच शिवलेली, फर्मा आत कोंबायचा आणि बस. म्हणून ते स्वस्तही पडतं आणि भराभर होतं. ओढल्यानंतर अपर फर्म्यावरच गरम कक्षातून आणि मग थंड कक्षातून जातो म्हंजे आकार धरून बसतो. ही वेळ वाचवली की बूट दुकानात छान दिसतो आणि महिन्याभरात सैल होतो.

जोड: इथे लक्ष द्या

आता सोल लावायचा. आग्र्याला मी सगळ्यात जास्त वेळ इथेच उभा होतो. एक पोरगा अपर सोलमध्ये बसवून बघायचा आणि सोलची कड जिथे येते तिथे चंदेरी पेनने बारीक रेघ मारायचा. पुढचा त्या रेघेच्या खालचं सगळं ब्रशच्या चाकावर घासून खरबरीत करायचा, कारण लेदरचा वरचा गुळगुळीत थर गोंद धरत नाही. घासणं रेघेच्या वर गेलं तर ओरखडा बाहेर दिसतो, माल रिजेक्ट. रेघेच्या खाली राहिलं तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण तेवढी दोन मिमी पट्टी कधीच नीट चिकटत नाही, आणि सहा महिन्यांनी बूट तिथूनच तोंड उघडतो. म्हंजे रिजेक्ट होण्याची भीती एकाच बाजूने, त्यामुळे घाईत हात कुठल्या बाजूला झुकणार सांगायला नको.

त्यानंतर सोलला प्राइमर (गोंद नीट धरावा म्हणून लावतात तो पहिला हात), मग दोघांना पीयू गोंद, वाळवायचा, आणि हे मला नवीन होतं, की वाळलेला गोंद परत गरम करतात. साधारण ६०-७० डिग्रीला तो जागा होतो, मग काही सेकंदातच टोक, टाच, मधला भाग या क्रमाने बसवून प्रेसमध्ये दाबायचा. एकदा टेकला की सरकवता येत नाही. मग थंड करायला चिलर, आणि मग फर्मा बाहेर. पूर्ण ताकद यायला नंतर एक-दोन दिवस लागतात. हा ६०-७० चा आकडा लक्षात ठेवा, बूट सुकवताना परत लागणार आहे.

चिकटवणं सोडून बाकीचे प्रकार पण आहेत. बहुतेक सेफ्टी शूज आणि कित्येक शाळेचे काळे बूट यांना गोंद लावत नाहीत, फर्म्यावर चढवलेला अपर मोल्डवर बसवतात आणि खालून पीयू किंवा पीव्हीसी थेट त्यालाच ओततात, जोड मजबूत होतो पण सोल बदलता येत नाही. कॅनव्हासच्या पांढऱ्या पीटी शूजला कच्च्या रबराची पट्टी गुंडाळून अख्खा बूट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भट्टीत) भाजतात, त्यात गंधकामुळे रबर पक्कं होतं, ही व्हल्कनायझेशनची कल्पना चार्ल्स गुडइयरची, १८३९ ची. आणि त्याच्या मुलाच्या नावाने जो गुडइयर वेल्ट प्रकार आहे त्यात अपर, आतला तळ आणि एक चामडी पट्टी एकत्र शिवतात आणि सोल त्या पट्टीला वेगळा शिवतात. महाग पडतो, पण सोल झिजला की शिवण उसवून नवा लावता येतो, वरचा भाग हातही न लावता. रोज ऑफिसला लेदर बूट घालत असाल आणि परवडत असेल तर हिशोब जमतो, वर्षाला एखादं लग्न असेल तर नाही.

मोल्डवाल्यांसाठी एक गंमत सांगतो. आम्ही प्लास्टिकच्या पार्टसाठी मोल्ड कापताना श्रिंकेज धरतो, पार्ट थंड होऊन आक्रसतो म्हणून कॅव्हिटी, म्हंजे मोल्डमधली पोकळी, जरा मोठी. ईव्हीए सोलला उलटं. मोल्ड उघडला की आतला दाब सुटतो आणि सोल टुणकन बाहेर उडी मारून साधारण दीडपट होतो, पुरीसारखा. त्यामुळे कॅव्हिटी खऱ्या सोलपेक्षा लहान कापायची. मी पहिल्यांदा ड्रॉइंग बघितलं तेव्हा समोरच्याला म्हटलं अहो हे लहान मुलांच्या नंबरचं दिलंत, तो हसायलाच लागला.

माझा बूट का विरघळला

पीयू दोन जातीचा, पॉलिएस्टरवाला आणि पॉलिइथरवाला. पॉलिएस्टरवाला झिजायला चांगला, मजबूत, म्हणून बुटात भरपूर वापरतात. पण त्याच्या साखळीतले दुवे पाण्याने तुटतात. पाण्यात बुडवायची गरज नाही, हवेतला ओलावा पुरतो, आणि उष्णता असेल तर हे काम भरभर होतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. वापरला काय नि खोक्यात ठेवला काय, घड्याळ बनवल्या दिवसापासून चालूच असतं. साधारण पाच-सहा वर्षांनी आपल्यासारख्या हवेत त्याचा भरवसा धरू नये. बाहेरून सोल ठीक दिसतो, आतून चीज होतो, आणि मग एका ट्रेकला, एकाच दिवशी, बहुतेक वेळा दोन्ही बूट जातात. माझा डावा सुद्धा दुसऱ्या दिवशी हाताने दाबल्यावर गेला. जपून ठेवला म्हणून खराब झाला असं आईला सांगितलं तर तिला वाटतं मी पैसे वाया घालवल्यावर पांघरूण घालतोय.

तुमचा बूट सुटला तर फेकण्याआधी सुटलेली जागा नीट बघा, तिथेच उत्तर असतं:

- दोन्ही बाजू स्वच्छ, गुळगुळीत, गोंद एकाच बाजूला राहिलाय: जोड नीट झाला नव्हता किंवा गोंद मेला. दुरुस्त होतो.
- गोंद धरून आहे पण अपरचे धागे किंवा फोमचा थर ओढून निघालाय: जोड चांगला होता, मटेरियल हरलं. दुरुस्ती होते पण किती टिकेल सांगता येत नाही.
- चिकट चुरा, भुगा, नखाने खरवडलं तर निघतो: पीयू गेला. काकांचा वेळ घेऊ नका.

दुकानात पाच मिनिटं

संध्याकाळी जा, दिवसभराने पाय जरा सुजलेला असतो, आणि जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पाय घाला, जवळपास प्रत्येकाचा एक पाय मोठा असतो, त्या पायाचा नंबर घ्यायचा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. 'घालून घालून सैल होईल' हे लेदरच्या रुंदीबाबत थोडंफार खरं आहे, लांबीबाबत अजिबात नाही, आणि रेग्झिन तर कुठेच सैल होत नाही.

मग बूट हातात घ्या. टाचेचा काउंटर अंगठा आणि बोटाने दाबा, सहज आत गेला तर ठेवून द्या. टोक आणि टाच धरून वाकवा, चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात तिथे, मधोमध कमानीत दुमडला तर नको. टॉवेल पिळतो तसा पिळून बघा, थोडा विरोध हवा. वाकवलेला असतानाच कडेने जोडाची रेघ बघा, बारीक फट उघडते का, विशेषतः चवड्याच्या दोन बाजूंना, बूट पहिल्यांदा तिथेच सुटतो. हात आत घालून बोटांपाशी शिलाईचा उंचवटा लागतो का बघा. सपाट टेबलावर ठेवून मागून बघा, टाच सरळ उभी आहे का. हे सगळं करताना दुकानदार जरा वैतागतो, वैतागू द्या.

सगळ्यात शेवटी खोक्यावरचं एमआरपीचं स्टिकर वाचा, त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. मेन रोडच्या दुकानात असो की ऑनलाइन, घसघशीत सेलमध्ये पीयू सोलचा तीन-चार वर्षं जुना जोड स्वस्त मिळतोय याचा अर्थ त्याचं निम्मं आयुष्य गोडाऊनमध्ये गेलंय. सोल कशाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर विचारा, रबर आणि ईव्हीएला ही भीती जवळपास नाही.

घरी आणल्यावर

भिजला तर सॉक आणि लेस काढा, आत रद्दी पेपर कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. हीटर, इस्त्री, बाइकच्या गरम सायलेन्सरवर टेकवणं, हे नको, गोंद ६०-७० डिग्रीला जागा होतो म्हटलं ना, तोच गोंद अजून तुमच्या बुटात आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बूट ठेवून देण्याचा पण हाच तोटा. कडक उन्हात लेदर तडकतं ते वेगळंच. वॉशिंग मशीन बद्दल लोक विचारतात, काउंटर आणि जोड दोन्हीची वाट लागते, सॉक आणि लेस तेवढे वेगळे धुवा. रोज तोच जोड घालू नका, आतला घाम सुकायला एक दिवस जातो. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रोज सकाळी चालणारे आहेत त्यांनी दोन स्वस्तातले जोड आलटून पालटून वापरले तर एका महागड्यापेक्षा बरे पडतात असं माझं मत आहे, वाद घालायला तयार आहे.

तोंड उघडलेला जोड घरी चिकटवायचा असेल तर इन्स्टंट ग्लू वापरू नका, तो काचेसारखा कडक होतो आणि चवड्यापाशी बूट वाकला की तडकतो, वर नंतर काकांना तो खरवडत बसावा लागतो. कारखान्यात करतात तेच छोट्या प्रमाणावर करा. जुना गोंद खरवडा, दोन्ही बाजू सँडपेपरने खरबरीत करा, पुसून पूर्ण सुकवा, लवचिक राहणारा सिंथेटिक रबरचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटायचा थांबेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, हेअर ड्रायरने जरासं गरम करा आणि एकदाच नेमकं बसवून जोरात दाबा. सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळा आणि एक पूर्ण दिवस घालू नका. सोल पीव्हीसीचा असेल तर हा गोंद धरत नाही, त्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू वर येऊन गोंद खातं, तिथे पीयूचाच गोंद लागतो, काकांकडे असतो. सोलच्या कडेने शिवून घ्यायचा असेल तर कड उंच आणि जाड आहे का ते आधी बघा, रनिंग शूजच्या नुसत्या फोमला शिवलं तर दोरा फोम कापत जातो आणि फट वाढते.

ट्रेकचे बूट महिनोन्महिने ठेवायचे असतील तर बंद खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नकोच, कोरड्या हवेशीर जागी ठेवा, आणि ट्रेकच्या आठवडाभर आधी काढून सोलच्या कडेला नखाने दाबा, टाच दोन्ही हातांनी वाकवा, आणि घालून कॉलनीत एक तास चाला. जायचा तर तो घराजवळ जाऊ दे. त्र्यंबकच्या फेरीला (श्रावणातली ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा) अर्धे लोक अनवाणी असतात, त्यांचं हे टेन्शनच नाही.

नवीन जोड आणला की मी आता पहिलं काम हे करतो, खोक्यावरचा महिना-वर्ष बघून जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो, कारण खोकं आई रद्दीत देते. आत्ताच्या माझ्या जोडावर लिहिलंय, त्याच्या खाली आमच्या पोराने स्वतःचं नाव पण लिहून ठेवलंय, त्याला अजून पाच नंबर वाढायचंय.